ओतताना ठरलेलं आयुष्य

उल्हासनगरच्या पाच नंबरमध्ये, म्हणजे कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणारे कारखाने इतके दाटीने आहेत की गल्लीतून जाताना एका मशिनचा आवाज मागे पडायच्या आत दुसऱ्याचा कानावर येतो. जाड डेनिमचं मशिन भरवेगात मिनिटाला तीन हजारांच्या आसपास टाके घालतं. कारागीर मध्ये कापड सरकवतो, दोरा बदलतो, पट्टा वळवतो. त्यामुळे अख्ख्या पाळीत सुई प्रत्यक्ष पळते ती दोनच तास असं धरू. तरी दिवसाचे ३ लाख ६० हजार टाके झाले. महिन्याचे २६ दिवस धरले तर हा आकडा ९३ लाखांच्या पुढे जातो. प्रत्येक टाक्याला सुईदांडी खाली जाते, क्षणभर थांबते, उलटते आणि वर येते. तिला हलवणाऱ्या दुव्यावर तेवढ्याच वेळा ताण येतो आणि तेवढ्याच वेळा दाब.

धातूंची परीक्षा घेणाऱ्यांना एक कोटी हा आकडा चांगला ओळखीचा आहे. प्रयोगशाळेत एखादा नमुना 'टिकला' म्हणायचं तर त्याने निदान एक कोटी फेरे सोसावेत, असा सर्वसाधारण रिवाज आहे. कॅम्प पाचातलं मशिन ती परीक्षा महिन्या-सव्वा महिन्यात देऊन मोकळं होतं आणि पुढे वर्षानुवर्षं चालत राहतं.

असे फेरे उल्हासनगर-अंबरनाथच्या या पट्ट्यात जागोजागी मोजता येतात. अंबरनाथहून सीएसएमटी साधारण साठ किलोमीटर. लोकलच्या चाकाचा व्यास ९५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे घेर तीन मीटर. एका खेपेत आस वीस हजार वेळा फिरते आणि दर फेऱ्याला तिच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. कल्याण-बदलापूर रस्त्यावरून रोज कामाला जाणाऱ्याच्या मोटारसायकलचं अलॉय चाक ॲल्युमिनियमचं, बहुधा साच्यात ओतलेलं असतं. त्याचा घेर दोन मीटरच्या आतला. गाडी वीस हजार किलोमीटर चालली की त्याचेही एक कोटी फेरे पुरे होतात, खड्डे वेगळे.

या कुठल्याच भागावर एका वेळी येणारा भार फार नसतो. धातूच्या ताकदीच्या निम्मा, तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. तरी काही भाग मोडतात, आणि एकाच दिवशी एकाच साच्यातून निघालेल्या दोन भागांपैकी एक दहा वर्षं चालतो तर दुसरा दहा महिन्यांत जातो. कारण शोधत गेलं तर पुष्कळदा भट्टीपाशी पोचायला होतं. धातू साच्यात पडत होता, त्या काही सेकंदांपाशी.

थकवा म्हणजे काय

८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाची आस मोडली. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं मेली. आस जादा भाराने मोडली नव्हती. नेहमीचाच भार ती नेहमीसारखा वाहत होती. त्या काळात रेल्वेच्या आसा अशा अचानक मोडत आणि कारण कोणालाच उमगत नसे.

ते शोधण्यात आयुष्याची कित्येक वर्षं घालवली ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने. प्रशियाच्या रेल्वेत असताना त्याने आसांचे नमुने यंत्रात फिरवत ठेवले, त्यांच्यावर वेगवेगळे भार टांगले आणि कुठला नमुना किती फेऱ्यांनी मोडतो ते नोंदवलं. १८७० पर्यंत त्याचे निष्कर्ष पुढे आले. भार जितका कमी, तितके जास्त फेरे धातू सोसतो. पोलादाच्या बाबतीत भार एका ठरावीक पातळीच्या खाली ठेवला, तर नमुना जवळजवळ कितीही फेरे टिकतो. या पातळीला थकवामर्यादा म्हणतात. निर्दोष, गुळगुळीत पोलादात ती खेचून तोडायला लागणाऱ्या ताणाच्या साधारण निम्मी असते. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. त्याचा आलेख उतरतच राहतो, म्हणून तिथे 'इतक्या कोटी फेऱ्यांना इतका ताण' अशीच भाषा वापरावी लागते.

आत काय घडतं? भार बेताचा असला तरी धातूच्या एखाद्या स्फटिककणात तो थोडा जास्त साचतो. तिथले अणूंचे थर एकमेकांवरून किंचित घसरतात, परत येतात, पुन्हा घसरतात. लाखो वेळा असं झालं की पृष्ठभागावर एक सूक्ष्म चीर पडते. ती दर फेऱ्याला केसाच्या जाडीच्या कितीतरी लहान अंशाने पुढे सरकते. उरलेला छेद भार पेलण्याइतका राहिला नाही, की एका फेऱ्यात सगळं तुटतं. स्वच्छ धातूच्या आयुष्याचा मोठा वाटा पहिली चीर पडण्यातच खर्ची पडतो. एखाद्या ओतीव भागात ती चीर जन्मापासूनच तयार असेल, तर हा मोठा वाटा सुरू व्हायच्या आधीच संपलेला असतो.

भोक करतं काय

ओतकामातल्या दोषाबद्दल वर्कशॉपमध्ये नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद असा: वीस मिलिमीटर जाडीत एक मिलिमीटरचा ब्लोहोल, त्याने असा किती धातू कमी झाला? एक टक्कासुद्धा नाही. भाग खेचून तोडायचा असेल तर हा हिशेब बराचसा बरोबर आहे. लवचीक धातू भोकाभोवती थोडा वाहतो, भार वाटून घेतो आणि ताणचाचणीच्या आकड्यात फारसा फरक दिसत नाही. बारीक पोकळ्यांचे भाग टेस्ट सर्टिफिकेट घेऊन राजरोस बाहेर पडतात ते यामुळेच.

थकव्याचं गणित वेगळं चालतं. जर्मन अभियंता कीर्श याने १८९८ मध्ये दाखवलं की ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. धातूच्या पोटात गोल पोकळी असेल तर तो साधारण दुप्पट होतो. १९१३ मध्ये इंग्लिस याने लांबट भोकाचं गणित मांडलं. भाराच्या दिशेला आडवं पडलेलं भोक जितकं लांब आणि टोकाशी अणकुचीदार, तितका त्या टोकाचा ताण चढत जातो. वायूचा गोल बुडबुडा त्यातल्या त्यात परवडतो. वेड्यावाकड्या फटींची श्रिंकेज (आकुंचनाची) पोकळी किंवा घडी पडलेला ऑक्साइडचा पापुद्रा जास्त घातक ठरतो, कारण त्याचं टोक जवळजवळ चिरेइतकंच तीक्ष्ण असतं.

दोष किती घातक हे आकड्यात सांगण्याची सोपी रीत जपानच्या क्युशू विद्यापीठातले प्राध्यापक युकिताका मुराकामी यांनी १९८०च्या दशकात दिली. ताणाच्या दिशेने पाहिलं तर दोषाने व्यापलेलं जे क्षेत्रफळ दिसतं, त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि धातूचा कठीणपणा मोजायचा. या दोन आकड्यांवरून थकवामर्यादेचा बऱ्यापैकी अंदाज येतो. दोषाचा आकार नेमका कसा आहे, याला त्या मानाने कमी महत्त्व उरतं.

एक उदाहरण करून पाहू. व्हिकर्स मापाने २०० कठीण असलेलं पोलाद घ्या. निर्दोष असेल तर त्याची थकवामर्यादा ३२० मेगापास्कलच्या आसपास असते. आता पृष्ठभागावर केसाएवढा, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा दोष आहे असं धरा. मर्यादा २१२ वर येते. तिसरा हिस्सा गेला. दोष १ मिलिमीटरचा असेल तर मर्यादा १४५. निम्म्याहून जास्त ताकद गेली. हे सगळं अशा भागाचं, ज्याचं वजन, कठीणपणा आणि ताणचाचणीचा आकडा चांगल्या भागासारखाच आहे.

दुसऱ्या टोकाने वाचलं की हे आकडे आणखी काही सांगतात. मिलिमीटरचा दोष दहापट लहान करायला फाउंड्रीला घाम गाळावा लागतो: धातू स्वच्छ हवा, साचा बदलायला हवा, तपासणी कडक हवी. एवढं करून मर्यादा १४५ वरून २१२ वर जाते. आता तोच एक मिलिमीटरचा दोष पृष्ठभागावरून काढून पोटात ढकला. वाकणाऱ्या भागात ताण पृष्ठभागावर सर्वांत जास्त आणि मधोमध शून्य असतो. पृष्ठभाग आणि मध्य यांच्या निम्म्या अंतरावर तो निम्माच भरतो. तिथे बसलेला दोष पृष्ठभागावरचा ताण ३१६ मेगापास्कल होईपर्यंत गप्प बसतो. निर्दोष भागाच्या ३२० आणि या ३१६ मध्ये फरक तो काय! दोष एवढाच, धातू तोच. फक्त जागा बदलली.

या प्रकरणाचा मुद्दा इथेच आहे. ओतीव भागाची थकवाशक्ती सरासरीने ठरत नाही. जिथे ताण जास्त आणि दोषही मोठा, अशी एक जागा ती ठरवते.

पोकळी येते कुठून

ओतकामात दोष तीन वाटांनी येतात: आकुंचनातून, वायूतून आणि ओतण्याच्या हातातून.

आकुंचन घरीही पाहायला मिळतं. कढवलेलं तूप वाटीत थिजलं की मधोमध खळगा पडतो. कडेचं तूप आधी गोठतं, मधलं शेवटी, आणि गोठताना कमी झालेलं आकारमान भरून काढायला वर काहीच उरत नाही. पोलाद थिजताना साधारण ३ टक्के आकसतं, ॲल्युमिनियम ६ ते ७ टक्के. म्हणून साच्यावर जादा धातूचं भांडार ठेवतात, तो रायझर. भागाच्या आधी रायझर थिजला तर त्याचा उपयोग शून्य. शेवटचा थेंब रायझरमध्येच गोठला पाहिजे. पातळ भिंतीतून जाड गाठीपर्यंत धातू पोचवायचा असेल आणि पातळ भिंत आधी गोठली, तर गाठीची वाट बंद होते आणि पोटात स्पंजासारखी जागा राहते. बाहेरून काहीही दिसत नाही. दुर्दैव असं की दोन भिंती जुळतात त्या कोपऱ्यात जाडीही जास्त असते आणि काम करताना ताणही तिथेच साचतो.

दुसरी वाट वायूची. अंबरनाथ-बदलापूरकडच्या ॲल्युमिनियम ओतणाऱ्याला ती पावसाळ्यात विशेष छळते. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या वाफेशी भिडलं की ऑक्सिजन स्वतःकडे ओढून घेतं आणि सुटा झालेला हायड्रोजन धातूत विरघळतो. वितळबिंदूपाशी शंभर ग्रॅम द्रव ॲल्युमिनियम सुमारे ०.७ घनसेंटिमीटर हायड्रोजन सामावून घेतं. घन झालं की त्याला ०.०४ घनसेंटिमीटरच सामावता येतो. उरलेला वायू थिजणाऱ्या कणांच्या फटीत बुडबुडे करून बसतो. शंभर ग्रॅम ॲल्युमिनियम म्हणजे ३७ घनसेंटिमीटर. त्यात ०.३ घनसेंटिमीटर वायू जरी अडकला तरी एक टक्क्याला थोडी कमी पोकळी झाली.

जुलैत तीस अंशांवर जवळजवळ संपृक्त असलेल्या कोकणी हवेच्या एका घनमीटरमध्ये २७ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. डिसेंबरच्या सकाळी, वीस अंश आणि निम्म्या आर्द्रतेला, ते ९ ग्रॅमही नसतं. वाफ तिप्पट म्हणून हायड्रोजन तिप्पट होत नाही. तो वाफेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साधारण पावणेदोनपट. भिजलेलं भंगार, दमट फ्लक्स आणि न तापवलेला लॅडल (धातू ओतायचं भांडं) यांची भर पडली तर तो आणखी वाढतो. यावर उपाय माहीत आहेत: भंगार आणि हत्यारं तापवून घेणं, धातू गरजेपेक्षा जास्त न तापवणं, आणि ओतण्याआधी त्यातून नायट्रोजन किंवा आरगॉनचे बारीक बुडबुडे सोडून हायड्रोजन बाहेर काढणं. पावसाळ्यात यातली एखादी पायरी गाळली, तर साच्यातून भाग बाहेर येतो तेव्हा तो नेहमीसारखाच चकचकीत दिसतो.

तिसरी वाट हाताची. ॲल्युमिनियमच्या प्रवाहावर ऑक्साइडची पातळ त्वचा असते. प्रवाह शांत असेपर्यंत ती वरच राहते. वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या पुढे गेला की पृष्ठभाग उसळतो, त्याला घडी पडते आणि त्वचेच्या दोन कोरड्या बाजू एकमेकींना चिकटून धातूच्या आत जातात. त्या कधीच सांधत नाहीत. ब्रिटिश ओतकामतज्ज्ञ जॉन कॅम्पबेल यांनी ही गोष्ट अनेक वर्षं ठासून सांगितली. अर्धा मीटर वेग यायला धातू केवळ १३ मिलिमीटर खाली पडावा लागतो, म्हणजे अर्धा इंच. लॅडल २० सेंटिमीटर वरून रिकामा केला तर साच्यात पोचेपर्यंत धातूचा वेग सेकंदाला दोन मीटर झालेला असतो, मर्यादेच्या चौपट. साचा खालून हळूहळू भरायची गेटची रचना, मध्ये सिरॅमिकची गाळणी, लॅडलचं तोंड खाली ठेवणं ही सगळी खटपट या वेगासाठीच असते. अनुभवी ओतकाराच्या मनगटाला पैसे द्यावेत ते यासाठी. वाळूचे कण, स्लॅग आणि दोन थंडगार प्रवाह भेटूनही न सांधल्याने पडणारा कोल्ड शट, हेही थोड्याफार फरकाने याच वाटेने येतात.

बीडाची वेगळी गोष्ट

इथे एक अपवाद सांगायला हवा, कारण महाराष्ट्रातलं बरंचसं ओतकाम बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून वाढत शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत पसरलेल्या फाउंड्र्या प्रामुख्याने बीड आणि एसजी आयर्नच ओततात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचा उद्योग उभा केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तीही ओतकामाच्याच जोरावर.

साध्या करड्या बीडात कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात सगळीकडे पसरलेला असतो. ग्राफाइटला ताकद जवळजवळ नाहीच, म्हणजे हा धातू जन्मतः लाखो बारीक चिरांनी भरलेला असतो. त्यामुळे आणखी एका लहान ब्लोहोलने त्याचं फारसं बिघडत नाही. त्याची थकवाशक्ती आधीच कमी धरलेली असते. शिवाय हे पापुद्रे कंपनं शोषतात. शिवणयंत्राचं अंग, लेथचा बेड, पंपाचं कवच बीडाचं करतात ते उगीच नाही.

१९४०च्या दशकात अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत असं आढळलं की वितळलेल्या बीडात थोडं मॅग्नेशियम घातलं की ग्राफाइट गोलकांच्या रूपात थिजतं. हेच एसजी आयर्न. पापुद्र्यांच्या जागी गोळे आले, टोकं गेली, आणि ताकद पोलादाच्या जवळ गेली. पण त्याबरोबर दोष सहन करण्याची ऐपतही गेली. करड्या बीडात खपून जाणारा ब्लोहोल एसजी आयर्नच्या क्रँकशाफ्टमध्ये मोडण्याचं कारण ठरतो. धातू जितका ताकदवान, तितका तो एखाद्या दोषाबाबत नाजूक, हा नियम पोलादालाही लागू पडतो.

मोडलेला तुकडा वाचताना

दुरुस्तीवाल्याच्या बाकावर तुटलेला ओतीव दुवा पडलेला असतो. बहुतेकदा निदान एका वाक्यात होतं: 'जोर जास्त झाला.' दहापट दाखवणारं भिंग असेल तर तुकडा स्वतःच जास्त बोलतो.

तुटलेल्या तोंडावर साधारण तीन भाग दिसतात. कडेला, बहुधा कोपऱ्याच्या वळणावर, एक छोटी काळपट जागा असते. तिच्या भिंतींवर फांद्या फुटलेले गोलसर कण दिसले तर ती श्रिंकेज पोकळी. ते थिजताना मोकळे राहिलेले धातूचे स्फटिक असतात. भिंत गुळगुळीत आणि गोल असेल तर वायूचा बुडबुडा. त्या जागेभोवती एक सपाट, मऊ झळाळीचा पट्टा असतो. मशिन चालू-बंद होत राहिलेलं असेल तर पुष्कळदा त्यात त्याच जागेला वळसे घालत गेलेल्या बारीक रेषा दिसतात. चीर कुठे कुठे थबकत गेली त्याची ती नोंद. उरलेला भाग खडबडीत आणि दाणेदार. तो शेवटच्या एका झटक्यात तुटला.

या तीन भागांच्या प्रमाणावरून निवाडा करता येतो. खडबडीत भाग मोठा असेल तर भार खरोखर जास्त होता. तो लहान आणि सपाट पट्टा मोठा असेल, तर दुव्याने शेवटपर्यंत थोड्याशा उरलेल्या छेदावरही भार पेलला. म्हणजे भार बेताचाच होता; गुन्हा त्या काळपट जागेचा. एक पथ्य मात्र पाळायला हवं. दोन तुकडे 'बसतात का' पाहायला एकमेकांवर घासायचे नाहीत. तेवढ्या घासण्याने सगळा पुरावा पुसला जातो.

तपासणीच्या मर्यादा

मग असे भाग कारखान्यातून सुटतात कसे? याला तीन कारणं आहेत.

पहिलं, ताकदीची चाचणी पुष्कळदा भागाची नसतेच. त्याच धातूने वेगळ्या साच्यात ओतलेल्या टेस्ट बारची असते. बारचा आकार साधा, तो छान थिजतो आणि आकडा चांगला देतो. त्यावरून धातूचा दर्जा कळतो. भागाच्या कोपऱ्यातली पोकळी कळत नाही.

दुसरं, प्रत्येक तपासणीची नजर मर्यादित आहे. रंगद्रव्याची डीपी टेस्ट पृष्ठभागावर उघडणारी चीरच दाखवते. क्ष-किरणांच्या चित्रात जाडीच्या साधारण दोन टक्के फरक ओळखू येतो; पन्नास मिलिमीटरच्या भागात हे एक मिलिमीटर होतं. केसाएवढा दोष तिसरा हिस्सा ताकद खातो हे आपण वर पाहिलं, आणि तो या चित्रात येत नाही.

तिसरं कारण मशिन शॉपमध्ये घडतं. ओतीव भागाची बाहेरची कातडी लवकर थिजते म्हणून बहुधा ती आतल्यापेक्षा स्वच्छ असते. लेथवर तीन मिलिमीटर काढले की पोटात निरुपद्रवी बसलेली पोकळी नव्या पृष्ठभागावर उघडी पडते. ती दिसली तर कधी वेल्डिंग मारतात, कधी लांबी भरतात. लांबी भोक झाकते, ताण पेलत नाही. वेल्डिंगमुळे बीडात आजूबाजूचा भाग कडक, ठिसूळ होतो आणि दोषाच्या जागी दुसरा दोष बसतो.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर काय होतं याचं एक गाजलेलं उदाहरण विमानातलं आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या मागच्या इंजिनातली पंख्याची टायटॅनियम चकती आकाशातच फुटली. विमान आयोवातल्या सू सिटीला कोसळतच उतरलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. चकती घडीव होती, पण ज्या ओतीव गोळ्यातून ती घडवली तो १९७१ साली वितळवताना त्यात नायट्रोजनने भरलेला एक कडक ठिपका राहून गेला होता. घडवून तो गेला नाही. चकतीवर शेवटचे संस्कार होताना तो निखळला आणि दीड मिलिमीटरही न भरणारी खाच नेमकी सर्वाधिक ताणाच्या आतल्या कडेवर उघडली. तिथून चीर निघाली. एक उड्डाण म्हणजे एक फेरा. असे पंधरा हजारांहून जास्त फेरे झाले. अपघाताच्या सव्वा वर्ष आधी रंगद्रव्याची तपासणी झाली, तेव्हा चीर तिथे होती, पण ती कोणाच्या नजरेत आली नाही.

दोष कुठे बसवायचा

शून्य दोषाचं ओतकाम नसतं. तेव्हा 'दोष आहे का' यापेक्षा 'दोष कुठे आहे' हे विचारणं जास्त फायद्याचं. आणि दोषाची जागा बऱ्याच अंशी माणसाच्या हातात असते.

फाउंड्रीवाला रायझर सरकवू शकतो. ज्या कोपऱ्यावर ताण येणार तिथे साच्यात लोखंडाचा किंवा तांब्याचा चिल ठेवला की ती जागा आधी थिजते, घट्ट होते आणि आकुंचन दुसरीकडे जातं. हे सगळं धातू न वितळवता संगणकावर आधी करून पाहता येतं. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या गटाने तयार केलेलं ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर लहान फाउंड्र्यांनाही धातू कुठे शेवटी थिजेल ते रंगीत चित्रात दाखवू शकतं. महाग, जिवावरच्या भागांसाठी 'हिप' ही प्रक्रिया आहे. त्यात भाग तापवून चहूबाजूंनी वायूचा प्रचंड दाब देतात आणि आतल्या पोकळ्या दाबून सांधतात. जेट इंजिनाची ओतीव पाती अशीच पक्की करतात. पृष्ठभागावर उघडलेलं भोक मात्र हिपने बुजत नाही, कारण वायू त्यातून आतच शिरतो.

डिझाइन करणारा कोपऱ्याची त्रिज्या वाढवू शकतो, जाडी एकसारखी ठेवू शकतो आणि मशिनिंगचा थर कमीत कमी मागू शकतो. विमानांच्या अमेरिकी नियमांत ओतीव भागांसाठी वेगळा कास्टिंग फॅक्टर आहे: तपासणी जितकी कमी, तितका भाग जाड करायचा. मोटारगाड्यांच्या चाकांसाठी हिशेबावर न थांबता चाकच लाखो फेरे फिरवून पाहतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत वाकवणाऱ्या आणि उभ्या भाराच्या अशा चाचण्या होतात, आणि तिथे पूर्ण चाक तपासलं जातं, वेगळा ओतलेला बार नव्हे.

खरेदी करणारा सर्वांत कमी करतो, आणि त्याच्या हातात सर्वांत स्वस्त उपाय आहे. ड्रॉइंगवर 'कास्टिंग निर्दोष असावं' हे वाक्य छापलेलं असतं. ते कोणी पाळू शकत नाही, म्हणून कोणी वाचतही नाही. त्याऐवजी त्याच ड्रॉइंगवर ताणाच्या दोन-तीन जागा लाल पेन्सिलने वेढाव्यात आणि लिहावं: इथे एवढ्या मापापलीकडे पोकळी चालणार नाही, इथे वेल्डिंग चालणार नाही, टेस्ट बार हवा असेल तर याच जागेतून कापून घ्यावा, बाकी ठिकाणी नेहमीची सूट. एवढं मिळालं की पॅटर्न बनवणाऱ्याला रायझर कुठे नको ते कळतं, ओतणाऱ्याला गेट कुठून द्यायचं ते कळतं आणि क्यूसीवाल्याला भिंग कुठे धरायचं ते कळतं. दोष तेवढेच निघतील, कदाचित. पण भाग मोडायचे ते मोडणार नाहीत, आणि फाउंड्रीचं रिजेक्शनही कमी होईल, कारण निरुपद्रवी जागेतल्या ब्लोहोलसाठी चांगला भाग भंगारात टाकण्याची गरज उरणार नाही.